स्लॅब गळतो पावसात, पण बिघडतो उन्हात

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा, कुठंही वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावून बघा, दहा दिवसांनंतरची तारीख मिळते. कुणाच्या हॉलच्या छताला ओल आलेली, कुणाच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकतंय, कुणाच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत. सगळे पावसाच्या नावानं बोटं मोडत असतात. पाऊस फक्त बिघाड उघडा पाडतो. बिघाड झालेला असतो मार्च ते मे या तीन महिन्यांत, उन्हानं. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की गच्चीवर काय करायचं, कधी करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, याची बरीच उत्तरं मिळतात.

आधी आपल्या भागाचं बोलू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याचा पाऊस वेगळा आणि जत-आटपाडीचा वेगळा. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या वरच्या भागात उतरतं छप्परच बरं. तिथं नुसत्या सपाट स्लॅबवर विसंबणं म्हणजे दरवर्षी पाण्याशी झगडणं. पण कृष्णाकाठापासून पूर्वेकडं जसजसं जावं तसं पावसाचं प्रमाण घटतं आणि उन्हाचं वाढतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. या पट्ट्यात गच्चीचा पहिला शत्रू ऊन आहे, दुसरा पाणी. हा लेख मुख्यतः याच पट्ट्यातल्या घरांसाठी आहे.

सपाट छप्पर आपल्याला नवीन नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या जुन्या गावांत माळवदाची, म्हणजे धाब्याची घरं अजूनही दिसतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मातीची ती जाडी ऊन आत येऊ देत नाही आणि बेताचा पाऊसही अडवते. दर उन्हाळ्याच्या शेवटी मात्र माळवदावर चढून नवी माती टाकायची, धुमसून घट्ट करायची, पाणी पन्हाळीकडं जाईल असा ढाळ राखायचा, हे ठरलेलं काम होतं. सिमेंटचा स्लॅब आला आणि हे वर्षाचं काम बंद पडलं. एकदा स्लॅब टाकला की पन्नास वर्षं बघायला नको, असं कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. माझ्या मते आपल्या गच्च्यांचं निम्मं दुखणं या समजुतीत आहे.

ऊन स्लॅबचं काय करतं

घराचा स्लॅब साधारण साडेचार-पाच इंच जाडीचा असतो. मे महिन्यात हवा ४० अंशांवर असते तेव्हा उघड्या राखाडी गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो. अनवाणी उभं राहवत नाही ते यामुळंच. पहाटेपर्यंत तोच पृष्ठभाग पंचवीस अंशांच्या आसपास येतो. काँक्रीट तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. दहा मीटर काँक्रीट एका अंशानं तापलं तर मिलिमीटरचा दहावा भाग वाढतं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण ४० फूट लांबीचा स्लॅब सरासरी वीस अंशांनी तापला की जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होतो, आणि रात्री तेवढाच परत येतो. उन्हाळाभर हे रोज चालतं.

खालच्या भिंती सावलीत असतात, त्या एवढ्या हलत नाहीत. मग स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात ताण येतो. वरच्या मजल्यावर छताखाली, भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला आडवी सरळ भेग पुष्कळ घरांत असते. ती बहुतेक वेळा या हालचालीची असते. गच्चीवर कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथंही अशीच भेग पडते, आणि ती जास्त वाईट, कारण गच्चीवरचं पाणी नेमकं तिथंच अडतं.

त्यात वळीव. दुपारी चारला गच्ची तापून लाल झालेली असते आणि अचानक गार वारा सुटून टपोरे थेंब, कधी गाराही पडतात. स्लॅबचा वरचा थर काही मिनिटांत थंड होऊन आकसायला बघतो, आतला भाग अजून गरमच असतो. वरच्या थराला ओढ बसते, आणि काँक्रीट दाब कितीही सोसत असलं तरी ओढ सोसण्यात कच्चं असतं. केसासारख्या बारीक भेगा पडतात. डोळ्यांना त्या दिसतही नाहीत. पुढच्या वर्षी थोड्या रुंद, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. तीन-चार वर्षांनी एखाद्या जुलैत पाणी खाली येतं आणि घरमालक म्हणतो, 'अहो, आजवर कधी गळला नव्हता.'

भेगांबद्दल इथं एक सावधगिरी सांगतो. कृष्णाकाठी काळ्या रानावर बांधलेल्या घरांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या जाणाऱ्या, उन्हाळ्यात उघडणाऱ्या आणि पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगा असतात. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळल्यावर आकसते, पाया तिच्याबरोबर हलतो, त्याच्या या खुणा. त्यावर गच्चीवर कितीही केमिकल ओतलं तरी फरक पडणार नाही. तिरकी भेग दिसली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

पाणी कुठून येतं, ते खालून कळत नाही

छतावर ओलीचा डाग जिथं दिसतो, त्याच्या बरोबर वर गच्चीत भेग असेलच असं नाही. स्लॅबवर कोब्याचा, म्हणजे सिमेंट आणि विटांच्या तुकड्यांचा थर असतो. पाणी कोब्याच्या एका फटीतून आत शिरतं, स्लॅबच्या माथ्यावरून उताराच्या दिशेनं सरकतं आणि जिथं स्लॅबमध्ये कच्ची जागा मिळेल तिथून खाली उतरतं. शिरलं पाण्याच्या टाकीखाली आणि टपकलं पंधरा फूट लांब पंख्याच्या हुकातून, हे नेहमीचं. विजेच्या पाइपातून आणि पंख्याच्या हुकाजवळून पाणी यायला सोपी वाट असते. तिथं ठिबकायला लागलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या खोलीची वीज तोडणारा एमसीबी स्विच खाली पाडा.

शोधायची पद्धत अशी. पहिल्यांदा, पाऊस नसताना, जानेवारी-फेब्रुवारीतही ओल राहते का ते बघा. राहत असेल तर दोष पाइप, टाकी किंवा बाथरूमचा आहे, गच्चीचा नाही. नसेल तर गच्ची कोरडी करून पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करा आणि सिमेंट-वाळूची छोटी बांधं घालून गच्चीचे तुकडे पाडा. स्लॅबला पाणी मारताना गवंडी जशी आळी करतात, तशीच. एका वेळी एकाच तुकड्यात इंच-दोन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस खाली लक्ष ठेवा. ज्या तुकड्यात पाणी असताना खाली ओल आली, तो तुकडा दोषी. सुरुवात पाइपाच्या तोंडापासून आणि कठड्याच्या कडेपासून करावी, कारण मोकळ्या मधल्या भागापेक्षा सांधे आधी गळतात. पाणी दोन इंचांच्या वर भरू नका. एक इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ अडीच किलो वजन.

छताला पांढरे, मिठासारखे दाणे किंवा पावडर दिसली की लोक बुरशी समजून पुसतात आणि वर पुट्टी मारतात. ते क्षार असतात. पाणी काँक्रीटमधून झिरपताना चुना आणि क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. पुट्टीनं ते झाकले तरी पुढच्या वर्षी पुट्टीसकट गळून पडतात. आणि गळक्या छताखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करून डाग लपवणं हे तर सगळ्यात घातक, कारण मग आत सळई गंजतेय हे कळायचा मार्गच बंद होतो.

ढाळ आणि कोबा

छप्पर सपाट म्हणतो, पण ते खरोखर सपाट नसावं. गच्चीला शंभराला एक तरी ढाळ हवा, म्हणजे १० फुटांना साधारण सव्वा इंच. पाइप २० फुटांवर असेल तर पाइपापासून लांबच्या टोकाला कोबा अडीच इंच जास्त जाड. हा ढाळ बघायला इंजिनियर लागत नाही. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी गच्चीवर जा, डबकी कुठं राहिलीत त्याभोवती खडूनं रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. पुढं काम काढाल तेव्हा हा नकाशा कुठल्याही कोटेशनपेक्षा उपयोगी पडतो.

पाइपही पुरेसे हवेत. तासाला १०० मिलिमीटर वेगानं कोसळणाऱ्या पावसात ४ इंची एक पाइप साधारण साडेचारशे चौरस फूट गच्चीचं पाणी वाहून नेतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीला एकच पाइप ठेवलेली घरं आपल्याकडं खूप आहेत. त्या पाइपाच्या तोंडावर पिंपळाची चार पानं आणि एक प्लास्टिकची पिशवी बसली की गच्चीचं तळं होतं. हिशेब करून बघा: हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे २,३०० लिटरहून जास्त पाणी. जाळी साफ करणं हे मला गच्चीच्या देखभालीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम वाटतं.

आपल्याकडं स्लॅबवर ढाळ आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही साधायची रूढ पद्धत म्हणजे ब्रिकबॅट कोबा. नीट केला तर तो वीस वर्षं टिकतो, उरकून टाकला तर दुसऱ्या पावसाळ्यात गळतो, म्हणून त्याचा क्रम घरमालकाला माहीत असलाच पाहिजे. आधी स्लॅब घासून धुवायचा. पाणी साठवून कुठं झिरपतंय ते बघायचं आणि पोकळ, खडबडीत जागा आधी दुरुस्त करायच्या. मग वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेल्या सिमेंटच्या घट्ट पाण्याचा थर. तो ओला असतानाच विटांचे तुकडे मसाल्यात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणात, उभे बसवायचे, त्यांच्यात पाऊण इंचाच्या फटी ठेवून त्या मसाल्यानं पूर्ण भरायच्या. विटा चांगल्या भाजलेल्या हव्यात, आणि बसवण्याआधी पाण्यात भिजवून घ्यायला हव्यात. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला कच्चा राहतो. दोन-तीन दिवस पाणी मारल्यावर वर इंचभर सिमेंट-वाळूचा थर, घोटून गुळगुळीत, आणि त्यावर दोरीनं फूट-फूटभराचे चौकोन पाडायचे. ते चौकोन शोभेसाठी नसतात. आकसताना भेग पडायचीच असेल तर ती त्या रेघेत पडावी, वेडीवाकडी कुठंही पडू नये, म्हणून.

कठड्याच्या कडेनं वाटा घ्यायचा असतो, म्हणजे काटकोन न ठेवता मसाल्यानं गोलाई करून कोबा कठड्यावर फूटभर चढवायचा. वर मी म्हटलं ती स्लॅब-कठड्याची भेग याच वाट्याखाली झाकली जाते. कामावर हजर राहायला एकच दिवस मिळणार असेल, तर तुम्ही वाट्याच्या दिवशी राहा. शेवटी आठ-दहा दिवस गच्चीवर पाणी साठवून ठेवायचं. पाणी मारणं अर्धवट सोडलेला कोबा उन्हात तडकतोच.

कोब्याचं एक मोठं वाईट आहे, त्याचं वजन. साडेचार इंची कोबा चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास भरतो. हजार फुटांच्या गच्चीवर वीस टन. स्लॅबचं डिझाइन करताना वर वावर असलेल्या गच्चीसाठी माणसं-सामान यांचा भार चौरस मीटरला दीडशे किलो धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. आता जुना कोबा गळतो म्हणून तो न काढता त्याच्यावर दुसरा कोबा टाकायचा सल्ला दिला जातो, तेव्हा काय होतं बघा: माणसांच्या गर्दीसाठी ठेवलेल्या सोयीपेक्षा जास्त ओझं कायमचं डोक्यावर बसतं. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी दोन थरांत कोंडून राहतं. पंचवीस-तीस वर्षांच्या स्लॅबवर हे अजिबात करू देऊ नका. जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो फोडून उतरवणं हाच मार्ग. खर्च जास्त येतो, धूळ होते, पण दुसरा इलाज नाही. आणि फोडताना ब्रेकर मशिननं नाही, हातानं, स्लॅबला हादरे न देता.

केमिकलचा कोट : कशासाठी आणि कशासाठी नाही

कोबा वाजवल्यावर भरीव वाजतोय, ढाळ बरा आहे, फक्त बारीक भेगा आहेत. अशा गच्चीला कोटिंग पुरतं. बाजारात नावं शंभर असली तरी जाती चार-पाचच. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळून मारायचा कोट स्वस्त, काँक्रीटला घट्ट चिकटणारा, पण फारसा न ताणणारा. अ‍ॅक्रिलिकचा रबरासारखा कोट ताण घेतो आणि उन्हातही टिकतो, म्हणून उघड्या गच्चीला तो ठीक. मात्र पाणी दिवसचे दिवस साचून राहिलं तर तो मऊ पडून सुटतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा कोट जास्त ताणतो, जास्त टिकतो, महाग पडतो, आणि खाली जरा जरी ओल असेल तरी फोड येतात. डांबराची मेंब्रेन, म्हणजे गुंडाळी करून मिळणारी चादर, जी आगीनं तापवून चिकटवतात, ती पाण्याला चांगली. पण काळी, उघडी मेंब्रेन आपल्या उन्हात मऊ होते, वाळते, कडा सुटतात, आणि खोली आणखी तापते. ती बसवायचीच तर वर संरक्षणाचा थर हवा. नुसतं डांबर ओतण्याचा उद्योग मात्र करू नये.

ताण घेण्याचा मुद्दा मी परत परत आणतोय, कारण स्लॅब रोज हलतो. हलणारी भेग कडक सिमेंटनं बुजवली तर ती शेजारी पुन्हा उघडते. भेग ग्राइंडरनं 'व्ही' आकारात खोलायची, धूळ पूर्ण काढायची, ताणणारं सीलंट भरायचं, त्यावर फायबरच्या जाळीची पट्टी बसवून मग कोट मारायचा. रुंद ब्रशनं वरून रंग फासून जाणारा माणूस भेग बुजवत नसतो, तिला रंगवत असतो.

कोट मारण्याआधी गच्ची आतून कोरडी आहे का, याची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. दोन फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं गच्चीला घट्ट चिकटवा, एक रात्र ठेवा. सकाळी आतून बाष्प जमलं असेल किंवा खालचं सिमेंट गडद झालं असेल तर आत ओल आहे. त्या दिवशी कोट मारू नये. आतली ओल मेच्या उन्हात वाफ होऊन वर यायला बघते आणि कोटला फुगे आणते. उलट दुपारी तापलेल्या गच्चीवर कोट मारला तर तो ब्रशखालीच वाळतो, आत शिरत नाही, आणि वर्षभरात सालपटं निघतात. काम सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करून घ्या.

गच्ची थंड ठेवली तर ती टिकतेही

बहुतेक लोक वॉटरप्रूफिंग आणि थंडावा ही दोन वेगळी कामं समजतात. माझं म्हणणं उलटं आहे. ऊन स्लॅबला हलवतं, हलण्यानं भेगा पडतात, भेगांतून पाणी येतं. म्हणून ऊन अडवणं हे गळतीवरचं पहिलं औषध आहे, आणि खोली थंड होते हा वरचा लाभ.

राखाडी सिमेंटची गच्ची तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी पाव ते एक तृतीयांश भाग परत फेकते. नवा पांढरा कोट ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. त्यामुळं भर दुपारी पृष्ठभाग पंधरा-वीस अंशांनी कमी तापतो आणि खालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी गार राहते. स्लॅबमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावर खरा उकाडा दुपारी नसतो, रात्री आठ-नऊनंतर छत भट्टीसारखं शेकायला लागतं तेव्हा असतो. पांढरी गच्ची ही रात्र सुसह्य करते. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला, पुढं तिथं साध्या वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं कामही झालं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडं हे घरोघरी स्वतः करण्यासारखं आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. भिजवून गाळलेला चुना, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी डिंकासारखं बाइंडर, दोन हात. मार्चमध्ये मारला की तो उन्हाळा निघतो, पावसात धुऊन जातो. चुना डोळ्याला वाईट. चष्मा आणि हातमोजे हवेतच. किमतीत त्याच्या वरचा म्हणजे पांढरा अ‍ॅक्रिलिक कोट, जो पाणीही अडवतो. आणि सगळ्यात टिकाऊ, मला सगळ्यात पटणारा, म्हणजे चायना मोझॅक: पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे कोब्यावर बसवून सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरायचे. ऊन परत जातं, पाणी घसरतं, पावलाखाली झिजत नाही. फक्त सांधे दर दोन-तीन वर्षांनी तपासायचे. कुठलाही पांढरेपणा धुळीनं मावळतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही, तेव्हा महिन्यातून एकदा झाडणं आणि शक्य असेल तर धुणं हे कोटच्या किमतीत धरा. कुरडया-सांडगे वाळत घालताना मात्र खाली स्वच्छ कापड अंथरा; ही केमिकलं खाण्याच्या वस्तूला लागू नयेत.

गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायची लाट सध्या जोरात आहे. शेड ऊन आणि पाणी दोन्ही अडवतं, यात शंका नाही. पण वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, ते शेजारच्या घरावर जातात. हुक-नटबोल्ट कमी लावलेलं, कठड्याच्या विटांवर तोललेलं शेड हा धोका आहे. खांब बीम-कॉलमवर हवेत, आणि नगरपालिकेची परवानगीही विचारून घ्यावी.

सोलरचंही तेच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळं पॅनेल वाढताहेत, आणि पॅनेलच्या सावलीनं गच्ची थंड राहते हे चांगलंच. पण स्टँडसाठी कोब्यात ड्रिल मारलेलं प्रत्येक भोक गळतीचं दार आहे. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर, आणि स्टँड शक्यतो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, हा क्रम ठेवा. पंचवीस वर्षांसाठी पॅनेल बसवून दोन वर्षांनी खालचा कोट काढायची वेळ आली तर दुहेरी खर्च.

सळई दिसायला लागली तर

छताचा गिलावा फुगला, तुकडा पडला आणि तांबूस सळई दिसली, तर हे वॉटरप्रूफिंगचं काम राहिलेलं नाही. लोखंड गंजताना गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं आणि तो जोर खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. काठीनं किंवा हातोडीच्या दांड्यानं सगळं छत हलकेच वाजवून बघा. जिथं पोकळ 'ढब्' वाजेल तिथला तुकडा आज ना उद्या पडणार, त्याखाली पाळणा किंवा पलंग ठेवू नका. नुसता गिलावा मारून ते झाकणं म्हणजे आतला गंज वाढू देणं. पोकळ भाग काढून, सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लावून, पॉलिमरयुक्त मसाल्यानं थर भरावे लागतात. सळई खाऊन बारीक झाली असेल तर नवी जोडायची की नाही हे इंजिनियरनं ठरवायचं. आणि हे सगळं वरून पाणी बंद केल्यानंतर. अपार्टमेंटमध्ये हा खर्च एकट्या वरच्या मजल्यावाल्याच्या गळ्यात घालतात, ते बरोबर नाही. गच्ची सामाईक आहे आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची असते.

काम कधी काढायचं

सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यात जागे होतात. तेव्हा गवंडी मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो, ऊन इतकं असतं की मसाला ओला राहत नाही, आणि आटपाडी-जतकडं पाणी टँकरचं. दहा दिवस गच्चीवर पाणी साठवायचं कुठून? कोब्याचं, सळईचं, भेगांचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत काढावं. तोवर परतीचा पाऊस संपलेला असतो, विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन सौम्य असतं. ऑगस्टमध्ये ओलीच्या डागांभोवती पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख लिहून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये भिंत कोरडी दिसली तरी जागा सापडते. पांढरा कोट फेब्रुवारी-मार्चमध्ये, गच्ची पूर्ण कोरडी झाल्यावर. मेमध्ये फक्त पाइपांची तोंडं मोकळी करायची आणि कठड्याच्या फटीत उगवलेला पिंपळ-वड मुळासकट काढायचा. वरून छाटून तो मरत नाही.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना दर ब्रासचा विचारता, म्हणजे १०० चौरस फुटांचा, ते ठीकच. पण त्याच्याबरोबर चार गोष्टी कागदावर घ्या: कोणतं मटेरियल, किती हात, एका डब्यात किती चौरस फूट होणार, आणि वाटा किती उंच. डब्यावर छापलेल्या क्षेत्रापेक्षा दुप्पट जागा रंगवली गेली तर कोट निम्म्या जाडीचा झाला, इतका साधा हिशेब आहे. म्हणून रिकामे डबे शेवटी मोजून घ्या. 'दहा वर्षांची गॅरंटी' तोंडी असेल तर तिला अर्थ नाही. शेवटचा हप्ता पाणी साठवून दोन दिवस चाचणी झाल्यावरच द्यायचा, हे सुरुवातीलाच ठरवा, आणि त्या चाचणीचं पाणी कोण भरणार हेही.